बोडीचा गाळ कोणाच्या पैशाने काढायचा? नागपूरच्या एका लेआउटचं प्रकरण

हे प्रकरण नागपूरच्या दक्षिण-पश्चिम भागातल्या एका लेआउटचं आहे. लेआउटचं नाव आणि माणसांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, रकमा आणि मोजमापं पूर्णांकात घेतली आहेत. पावसाचं पाणी थोपवणारी एक बोडी, म्हणजे लहान तळं, सांभाळायला वर्षाला फार पैसा लागत नव्हता. तरीही तो पाच वर्षं उभा राहिला नाही, आणि नंतर राहिला. मधल्या काळात लोकांनी काय ठरवलं, ते इथे मांडलं आहे.

पार्श्वभूमी

लेआउट 2010 च्या सुमाराचा, चौदा एकरांचा, 186 प्लॉटचा. आधी इथे शेत होतं आणि शेताच्या खालच्या कोपऱ्यात बोडी होती. विकासकाने ती बुजवली नाही, हे त्याचं चांगलं काम. मंजूर नकाशात ती खुल्या जागेत दाखवली गेली. तिला मातीचा बांध, बांधाच्या उतारावर दगडांचं पिचिंग, पाणी बाहेर सोडणारी पाईपची भिंत आणि एका बाजूला जादा पाणी वाहून जायला सांडवा करून दिला. लांबी-रुंदी साधारण 165 बाय 130 फूट आणि खोली पाच फूट. काठोकाठ भरली तर तिच्यात तीस लाख लिटर पाणी मावतं.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. चौदा एकर म्हणजे साधारण 56 हजार चौरस मीटर. रात्रीतून 100 मिलिमीटर पाऊस झाला तर एवढ्या जमिनीवर 56 लाख लिटर पाणी पडतं. शेत होतं तेव्हा त्यातलं बरंच काळ्या मातीच्या भेगांत जिरायचं, उरलेलं सावकाश वाहायचं. आता छपरं, पोर्च आणि सिमेंटचे रस्ते झाल्यामुळे तेच पाणी तासाभरात खाली येतं. बोडी ते अडवून धरते आणि एक फुटाच्या पाईपमधून हळूहळू नाल्यात सोडते. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत ती रिकामी झाली पाहिजे, कारण डेंगूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस घेतो. बाकीचे आठ महिने मुलं तिथे क्रिकेट खेळतात.

हे काम नीट चालायचं तर दरवर्षी मे महिन्यात गवत आणि बेशरमची झुडपं काढायची, पाईपच्या तोंडावरची जाळी साफ करायची, बांधावर उंदीर-घुशींची बिळं आणि झाडांची मुळं पाहायची, मोठ्या पावसानंतर चक्कर मारायची. दर पाच-सहा वर्षांनी गाळ उपसायचा. पिचिंगचे दगड दहा वर्षांत एकदा तरी बसवावे लागतात. मंजुरीच्या कागदांत बोडी होती, पण यातलं कोणतंही काम कोणी आणि कशातून करायचं याची एक ओळही नव्हती.

नागपूरकरांना हे नवीन नाही. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव शेकडो वर्षं टिकले, कारण गाळ काढायचं आणि पाळ बांधायचं काम तलावाखालच्या जमिनीशी बांधलेलं होतं. ज्याच्या धानाला पाणी, त्याच्या अंगावर काम. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. मालकी कोणाची ते ठरलं, पण काम कोणाच्या अंगावर ते सुटलं, आणि कितीतरी मामा (माजी मालगुजारी) तलाव गाळाने भरत गेले. लेआउटमधल्या बोडीची गोष्ट मला त्याहून वेगळी वाटत नाही.

अडचण

6 जुलै 2018 ला नागपुरात पावसाळी अधिवेशन चालू होतं आणि विधानभवनाच्या विद्युत कक्षात पाणी शिरून कामकाज थांबलं होतं. त्याच दिवशी या लेआउटच्या खालच्या दोन गल्ल्यांत गुडघाभर पाणी आलं. मग नागरिक मंडळाने 2019 च्या उन्हाळ्यात घरामागे 1,500 रुपये वर्गणी काढली. 96 घरांनी दिली. निम्मा गाळ निघाला आणि पैसे संपले. पुढचं वर्ष लॉकडाऊनचं. 2021 मध्ये 500 रुपये मागितले तर 41 घरांनी दिले, त्यात गवत कापून झालं. 2022 मध्ये मागायलाच कोणी फिरलं नाही.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, हे सगळ्या शहराला आठवतं. हा लेआउट नाग नदीपासून लांब आहे, इथलं पाणी इथल्याच बोडीचं होतं. तळाशी सव्वा फूट गाळ साचलेला, म्हणजे पाव क्षमता आधीच गेलेली. जाळीवर प्लास्टिक आणि बेशरमच्या फांद्या अडकलेल्या. पाईपमधून पाणी जाईना, सांडव्यावर कोणीतरी कंपाउंडची भिंत टेकवलेली, म्हणून पाणी मागे फिरलं. 31 घरांच्या तळमजल्यात शिरलं. फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तकं, एका घरातला लग्नाचा बस्ता, सगळं गेलं. जीव कोणाचा गेला नाही.

आठवडाभराने झालेल्या बैठकीत दोन लेआउट बसल्यासारखे लोक बसले होते. वरच्या बाजूचे म्हणाले, "आमच्या घरात पाणी नाही आलं न भाऊ, मग आम्ही काऊन पैसे द्यायचे?" खालच्या गल्लीतल्या एका काकूंनी उत्तर दिलं, "तुमच्या घरात नाही आलं, पण तुमच्या घरावरूनच आलं." मला हे वाक्य सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतं. बोडीचा फायदा खालच्या घरांना दिसतो, पण बोडीची गरज वरची छपरं तयार करतात. हे मान्य झाल्याशिवाय पैशाचा कोणताही हिशेब टिकला नसता.

तिसरा गट बैठकीत नव्हताच. 186 पैकी 68 प्लॉट मोकळे. मालक पुण्यात, मुंबईत, काही परदेशात. त्यांना फोन केला की एकच उत्तर यायचं: "माह्या प्लॉटवर घरच नाही, मी कशाचं देऊ?"

समोरचे पर्याय

पहिला विचार विकासकाकडे जाण्याचा होता. त्याने प्लॉट विकून बारा वर्षं झाली होती आणि करारात देखभालीची मुदत एक वर्षाची होती. वकिलांनी स्पष्ट सांगितलं की दावा लावता येईल, पण तोवर चार पावसाळे जातील. हा पर्याय बाजूला ठेवला. माझ्या मते ते बरोबर होतं, कारण दावा जिंकून एकदाच गाळ निघाला असता, पुढच्या गाळाचं काहीच ठरलं नसतं.

दुसरा पर्याय सगळ्यांच्या मनातला होता. आम्ही मालमत्ता कर भरतो, तर बोडी महापालिकेने सांभाळावी, हवं तर आमच्या बिलात थोडी रक्कम वाढवावी. मागणी न्याय्य आहे. पण अडथळे दोन होते. खुली जागा अजून कागदोपत्री हस्तांतरितच झाली नव्हती, सातबारा मूळ मालकाच्या नावावर. आणि बिलात रक्कम वाढवणं हा सभागृहाच्या एका ठरावाचा विषय नाही. राज्यघटनेचं कलम 265 सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. मालमत्ता कराच्या बिलात सामान्य कर, शिक्षण कर असे रकाने असतात, त्या प्रत्येकामागे कायदा आहे. एका बोडीसाठी एका लेआउटवर लावायचा रकाना त्यात नाही. हस्तांतरणाचा अर्ज चालू ठेवायचा आणि तोवर थांबायचं नाही, असं ठरलं.

वर्गणीच पुन्हा नीट काढू, असं म्हणणारेही बरेच होते. त्यांच्याकडे पाहून समितीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने 2019 आणि 2021 च्या पावत्यांची वही टेबलावर ठेवली. पाण्याची आठवण ताजी तेव्हा 96 आणि दोन वर्षांनी 41. आणि त्या 41 मध्ये 29 घरं खालच्या दोन गल्ल्यांतली. वही पाहिल्यावर चर्चा संपली.

उरला तो पर्याय असा: प्रत्येक प्लॉटवर कायमची वार्षिक आकारणी, जी माणसावर नसून जमिनीवर असेल आणि प्लॉट विकला तरी नव्या मालकाकडे जाईल.

इथे एका सदस्याच्या मुलीने बरीच मदत केली. ती अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते. तिथे 1956 चा निचऱ्याचा कायदा आहे. एखाद्या नाल्यात किंवा तळ्यात ज्या-ज्या जमिनीचं पाणी येतं त्यांचा मिळून एक निचरा विभाग ठरतो. देखभालीचा खर्च त्या जमिनींवर लाभाच्या प्रमाणात वाटला जातो. वाटणी पक्की होण्याआधी एक दिवस ठेवतात. त्या दिवशी कोणीही येऊन आपल्या नावापुढचा आकडा पाहू शकतो आणि हरकत घेऊ शकतो. फिलाडेल्फिया शहर 2010 पासून बिगर-निवासी मालमत्तांना प्लॉटचं एकूण क्षेत्र आणि पाणी न मुरणारं क्षेत्र, दोन्ही धरून पावसाच्या पाण्याचं शुल्क लावतं. त्यांचे कायदे इथे लागू नाहीत. पण वाटणीची रीत आणि हरकतींचा दिवस या दोन गोष्टी घेण्यासारख्या होत्या, आणि हरकती ऐकण्याची पद्धत आपल्याकडच्या कर आकारणीतही आहेच.

आकारणी लावणार कोण

नागरिक मंडळ नोंदणीकृत होतं, पण त्याला कोणावर सक्ती करता येत नव्हती. सुदैवाने लेआउटमध्ये प्लॉटधारकांची सहकारी गृहनिर्माण संस्थाही होती. 2012 मध्ये नोंदलेली आणि नंतर झोपलेली. निवडणूक नाही, लेखापरीक्षण थकलेलं. सहकार कायद्याखालच्या संस्थेला आपल्या सदस्यांकडून शुल्क घेता येतं आणि थकबाकीसाठी उपनिबंधकांकडे वसुली दाखला मागता येतो. म्हणून मंडळाने आपला मान बाजूला ठेवून सोसायटी जिवंत करायचं ठरवलं. मंडळाच्या अध्यक्षांनी सोसायटीची निवडणूक लढवली नाही, उलट नव्या माणसांना पुढे केलं. इतक्या गावगाड्यांत असं होत नाही म्हणून हे मुद्दाम लिहितो.

सगळ्यात जास्त वेळ सदस्य यादीने खाल्ला. 58 प्लॉट एक-दोनदा विकले गेले होते आणि यादीत जुनीच नावं होती. ज्याचं सदस्यत्व नाही त्याच्यावर आकारणी कशी टिकणार? खरेदीखताच्या प्रती गोळा करणं, सदस्यत्वाचे अर्ज भरून घेणं, परगावच्या मालकांना रजिस्टर पोस्टाने पत्रं पाठवणं, हे काम हिवाळाभर चाललं. मार्च 2024 च्या विशेष सर्वसाधारण सभेपर्यंत 58 पैकी 49 नावं दुरुस्त झाली. उरलेल्या नऊ प्लॉटांची आकारणी मांडून ठेवली, वसुली नंतर.

जागा सोसायटीच्या नावावर नसताना तिच्यावर खर्च करायचा का, हा प्रश्न एका सदस्याने सभेत विचारला आणि तो योग्यच होता. त्यासाठी नियोजन प्राधिकरणाकडून केवळ देखभालीपुरतं संमतीपत्र घेतलं. ठरावात एक कलम घातलं: उद्या बोडी सार्वजनिक संस्थेने ताब्यात घेतली आणि तिची देखभाल प्रत्यक्ष सुरू केली, तर आकारणी त्या आर्थिक वर्षाच्या शेवटी थांबेल. "प्रत्यक्ष सुरू केली" हे शब्द तासभर भांडून घातलेले आहेत. नुसत्या ताब्याच्या कागदावर आकारणी थांबली असती तर बोडी पुन्हा बेवारस झाली असती.

सूत्र कसं ठरलं

आधी खर्च मोजला. वार्षिक साफसफाई, जाळी, पावसाळ्यात पाहणी करणारा माणूस मिळून 70 हजार. गाळ उपसायचा एका वेळचा खर्च तीन लाख, सहा वर्षांत विभागून वर्षाला 50 हजार. भिंत आणि पिचिंगच्या दुरुस्तीसाठी दोन लाख, दहा वर्षांत विभागून 20 हजार. एकूण 1 लाख 40 हजार. प्लॉटमागे सरासरी साडेसातशे रुपये वर्षाला, महिन्याला साठ-पासष्ट. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा सभा गप्प झाली. पाच वर्षं ज्यावरून बोलणं बंद होतं ती रक्कम एवढीच होती.

मग वाटणी. सगळ्यांना सारखं, हे सोपं होतं आणि पहिल्या मतदानात तेच जिंकणार होतं. पण 1,500 फुटांचा मोकळा प्लॉट आणि 3,000 फुटांवर कुंपणापासून कुंपणापर्यंत फरशी घातलेला बंगला यांना एकच रक्कम लावली असती, तर मोकळ्या प्लॉटवाल्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. दुसऱ्या टोकाला फक्त छत आणि फरशीवर आकारणी केली असती तर मोकळे 68 प्लॉट पूर्ण सुटले असते. तेही चूक होतं. काळी माती एकदा फुगून भेगा मिटल्या की सप्टेंबरच्या पावसात मोकळा प्लॉटही भरपूर पाणी सोडतो. शिवाय बोडी चालू असेल तरच त्या प्लॉटला उद्या भाव आहे.

म्हणून निम्मा खर्च प्लॉटच्या क्षेत्रावर आणि निम्मा पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रावर वाटला. लेआउटमधलं एकूण प्लॉट क्षेत्र 3 लाख 35 हजार चौरस फूट, तर छत आणि फरशी मिळून 1 लाख 60 हजार. दर निघाले 21 पैसे आणि 44 पैसे. मोकळ्या 1,500 फुटी प्लॉटला 315 रुपये, त्यावर 1,200 फूट बांधकाम-फरशी असेल तर 843, आणि 3,000 फुटांवर 2,700 फूट झाकलेल्या बंगल्याला 1,818. चार प्लॉट जोडून झालेल्या फ्लॅट स्कीमला साडेचार हजार, पण ते 24 फ्लॅटमध्ये वाटले की फ्लॅटमागे 188.

मोजणी उपग्रह नकाशावरून आणि मग टेप घेऊन गल्लीगल्लीत फिरून झाली. सगळ्यांचे आकडे सोसायटीच्या फलकावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लावले आणि एका रविवारी हरकतींची सुनावणी ठेवली. 27 हरकती आल्या. बहुतेक पेव्हर ब्लॉकच्या. ब्लॉकच्या फटीतून पाणी जिरतं म्हणून ते धरू नका, असं म्हणणं होतं. समितीने ब्लॉक निम्म्या क्षेत्राने धरले. छताचं पाणी विहिरीत किंवा बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडणाऱ्यांना फरशीच्या भागात 20 टक्के सवलत दिली, मात्र दर मे महिन्यात खड्डा चालू असल्याचं दाखवायचं. पेन्शनवर एकट्या राहणाऱ्या एका ज्येष्ठ काकूंचा मोठा प्लॉट होता, त्यांना चार हप्ते दिले. माफी कोणालाच दिली नाही. मला हा निर्णय पटतो. एक माफी दिली की दुसरी नाकारता येत नाही, हप्ता मात्र प्रत्येकाला देता येतो.

सभेत आणखी एक सूचना आली होती: थकबाकीदारांची नावं लेआउटच्या कमानीवर लावा. मतदानात ती पडली. थकबाकीवर 12 टक्के सरळ व्याज आणि सहा महिन्यांनंतर वसुली दाखल्याची प्रक्रिया, एवढंच ठेवलं.

प्रत्यक्ष कारवाई

मे 2024 मध्ये गाळ काढायचा तर निधी साचायला वेळच नव्हता. म्हणून सुरुवातीची एकरकमी रक्कम प्लॉटमागे 1,600 रुपये ठरली. मे अखेरपर्यंत दोन लाखांच्या आसपास जमा झाले. उरलेले दोन सदस्यांनी बिनव्याजी दिले, ते पुढे परत केले गेले.

टिप्परच्या नव्वदच्या आसपास खेपा लागल्या. साध्या तलावाचा गाळ शेतकरी हौसेने नेतात, राज्याची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना त्यावरच उभी आहे. इथला गाळ कोणी घेईना. अर्धा गाळ म्हणजे बांधकामाची रेती, सिमेंटचा राडा आणि प्लास्टिक. त्यामुळे तो वाहून नेण्याचा खर्च पूर्ण अंगावर आला. त्यातूनच एक कामाची गोष्ट सुचली. जो नवं घर बांधेल त्याने 15 हजार अनामत ठेवायची, रेती ताडपत्रीने झाकायची, नालीच्या तोंडाशी रेतीची पोती लावायची, आणि घर झाल्यावर नाली साफ असेल तर अनामत पूर्ण परत. बोडीच्या तोंडाशी गाळ थांबवणारा एक लहान कप्पाही बांधला, म्हणजे दरवर्षी तेवढाच उपसला की पुरे. तळात खुणांचा लोखंडी खांब रोवला, गाळ किती चढला ते कोणालाही दिसावं म्हणून.

सांडव्यावरची भिंत काढायला सगळ्यात जास्त संयम लागला. ते घरमालक खालच्या गल्लीतलेच, स्वतः पाण्यात बुडालेले. त्यांना नोटीस न देता समितीतले दोघं चहाला गेले, नकाशा दाखवला, आणि भिंत चार फूट मागे घ्यायचा खर्च सोसायटीने उचलला.

गाळ निधीचं खातं वेगळं उघडलं. त्यातले 50 हजार दरवर्षी मुदत ठेवीत जातात आणि सर्वसाधारण सभेच्या दोन-तृतीयांश मताशिवाय मोडता येत नाहीत. पहिल्याच वर्षी त्यातून सीसीटीव्ही बसवायची मागणी आली होती. सीसीटीव्ही हवेतच, पण त्यासाठी वेगळे पैसे काढले.

निकाल

पहिल्या वर्षी आकारणीची 82 टक्के वसुली झाली, दुसऱ्या वर्षी 91 टक्के. परगावच्या मालकांकडून वसुली वाढण्याचं कारण सोपं होतं: प्लॉट विकताना सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागायला आता खरेदीदारच येऊ लागले. तीन जणांविरुद्ध वसुली दाखल्याची प्रक्रिया सुरू करावी लागली, त्यातल्या दोघांनी सुनावणीआधी पैसे भरले. 19 घरांनी पुनर्भरणाची सवलत घेतली. दोन घरांनी तर अंगणातली फरशी उखडून तिथे झाडं लावली.

8 आणि 9 जुलै 2025 ला नागपूरला पावसाने झोडपलं, शाळांना सुटी द्यावी लागली. बोडी सांडव्याच्या एक फूट खालपर्यंत भरली आणि दीड दिवसात उतरली. चार घरांच्या अंगणात पाणी आलं, आत कुठेच शिरलं नाही. मधल्या एका गल्लीत मात्र पाणी तुंबलं, कारण रस्त्याच्या नालीचं चेंबर डांबराखाली गाडलं गेलं होतं. ते काम आकारणीच्या कक्षेत नव्हतं आणि आता ते घ्यावं का, यावर चर्चा चालू आहे. पावसाळ्यानंतर खांबावर गाळ दोन इंच दिसला.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवातीची 1,600 रुपयांची रक्कम सगळ्यांना सारखी लावणं हा घाईचा निर्णय होता. पुढची आकारणी क्षेत्रावर आणि पहिली रक्कम डोक्यावर, यात मेळ नाही. मोकळ्या छोट्या प्लॉटवाल्यांनी पाच वर्षांची आकारणी एका झटक्यात दिली. त्यांची नाराजी अजून गेलेली नाही. तीच रक्कम त्याच सूत्राने वाटता आली असती, फक्त आठ दिवस जास्त लागले असते. पुढच्या सभेत फरकाची रक्कम त्यांच्या येत्या आकारणीत वळती करण्याचा प्रस्ताव आहे, आणि तो मंजूर व्हावा असं मला मनापासून वाटतं.

दर वाढवण्याचं कलम ठरावात राहूनच गेलं. डिझेल आणि मजुरी दरवर्षी वाढते, 2030 मध्ये गाळ तीन लाखांत निघणार नाही. आज पाच टक्के वार्षिक वाढ घातली तर सरासरी प्लॉटला चाळीस-पन्नास रुपयांहून जास्त जाणवणार नाही. सहाव्या वर्षी एकदम मागितली तर पुन्हा 2021 सारखी स्थिती येईल.

2018 नंतरची पाच वर्षं वाया गेली. त्याचं मूळ पैशात नव्हतं. सोसायटी झोपलेली होती आणि ते कोणाला खटकलं नव्हतं. ज्या लेआउटमध्ये अजून पाणी शिरलेलं नाही तिथल्या लोकांनी आधी आपली सदस्य यादी आणि शेवटचं लेखापरीक्षण कधीचं आहे ते पाहावं.

आणि एक गोष्ट सोसायटीच्या हातातच नाही. बोडीत येणाऱ्या पाण्यातलं साधारण एक तृतीयांश वरच्या बाजूच्या शेजारच्या लेआउटचं आहे. त्यांची नाली पूर्वीपासून इकडेच उतरते. त्यांच्यावर ही सोसायटी एक रुपयाही आकारू शकत नाही. त्यांच्याशी दोनदा बोलणी झाली. आपल्या नालीच्या तोंडाशी जाळी आणि गाळाचा कप्पा बांधायला ते तयार आहेत, वार्षिक वाटा द्यायला नाहीत. लेआउटची हद्द पाण्याला कळत नाही, म्हणून आकारणी उताराप्रमाणे, एका नाल्याच्या सगळ्या पाणलोटावर लागायला हवी, आणि ते फक्त कायद्याने अधिकार मिळालेली सार्वजनिक संस्थाच करू शकते. सोसायटीने आपली मोजणी, सूत्र, हरकतींची नोंद आणि दोन वर्षांचे हिशेब जोडून तसं निवेदन दिलं आहे. शेजारच्या लेआउटच्या समितीने त्यावर सही केली आहे.